एकटीनं उचललेली मोळी

टीव्हीवरची ऊसतोड बाई मला लांबूनच ओळखू येते. तिचं लुगडं फाटकं असतं, पण फाटलेला भाग नेमका कॅमेऱ्याकडं असतो. रडताना ती कधी नाक ओढत नाही. तिच्या हातातला कोयता नवाकोरा असतो आणि ती तो असा धरते, की दुसऱ्याच घावाला तिचंच बोट तुटावं. हे बघितलं की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, मालिकाच आहे, सोड की. मी सोडत नाही. एका दुपारच्या मालिकेत मी स्वतः तसलं काम केलेलं आहे, आणि ते कसं झालं हे मला एकदा नीट सांगून टाकायचं आहे.

मी बीड जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावातली. माझे आईवडील दर दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे. टोळीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. माणसं किती असं तिथं कुणी विचारत नाही, कोयते किती असं विचारतात. सातवीपर्यंतचे माझे सगळे हिवाळे उसाच्या फडातच गेले. पुढं अंबाजोगाईला वसतिगृहात जागा मिळाली, कॉलेज झालं आणि कॉलेजात नाटकाचं वेड लागलं. तिथं मला कायम म्हातारी नाहीतर मोलकरीण द्यायचे. राणी व्हायला रंग उजळ लागतो हे कुणी तोंडावर सांगितलं नाही, पण भूमिका वाटायला बसलं की माझ्याकडं कुणी बघायचंच नाही.

कॉलेज संपवून मी गावी परत आले त्या वर्षी दुष्काळ पडला. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्यानं त्या हंगामात बॉयलर पेटवलाच नाही, कारण गाळायला ऊस नव्हता. लांब गेलेल्या टोळ्याही संक्रांत झाली न झाली तोच परत आल्या. तिकडचा ऊससुद्धा चारा छावणीतल्या जनावरांच्या दावणीत पडत होता. गावात तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि उरलेले दोन दिवस बाया त्याच्या वाटेकडं डोळे लावून बसायच्या. अशात चेअरमनसाहेबांच्या ओळखीतून मुंबईची एक मालिकेची कंपनी कारखान्यावर आली. आवार रिकामं होतं, वजनकाटा बंद होता, चिमणी गार होती. साहेब खूश झाले. कारखाना चालत नसला तरी टीव्हीवर दिसणार होता.

मालिका ऊसतोडीवर होती. कंपनीनं आवारात वीस कोप्या उभ्या केल्या. कोपी म्हणजे फडाच्या कडेला आम्ही राहतो ती पाचटाची झोपडी, जिच्यात वाकून शिरावं लागतं. त्यांच्या कोपीला खिडकी होती. मी विचारलं, खिडकी कशाला? तर म्हणे उजेड आत यायला पाहिजे. पुढं मी खिडकीवर बोलले नाही, कारण बोलायला इतर पुष्कळ गोष्टी निघाल्या.

गर्दीसाठी त्यांना चाळीस बाया हव्या होत्या. माझी माय आणि तिच्या टोळीतल्या सगळ्याच जणी गेल्या. मला मात्र दिग्दर्शकानं बाजूला काढलं. मी शिकलेली होते आणि नाटकात काम केलेलं होतं. मी नायिकेला इकडचं बोलणं शिकवायचं आणि तिच्या जावेची छोटी भूमिकाही करायची असं ठरलं. मी घरी आले ती जमिनीला पाय न लावता. मला खरंच वाटलं, की आता एकदाचं आमचं माणूस पडद्यावर येणार आणि आणणारी मी असणार.

पहिल्याच दिवशी दिग्दर्शक मला निरखून म्हणाले, "तू जरा ताठ चालतेस. थोडी वाक. नजर खाली ठेव. ऊसतोडीतली वाटायला पाहिजेस."

मी म्हणाले, "सर, मी ऊसतोडीतलीच आहे."

"ते मला माहीत आहे गं. पण लोकांना वाटायला नको का?"

माणूस वाईट नव्हता, आवाज चढवून कधी बोलला नाही. पण फडातल्या माणसानं फडातल्या माणसासारखं कसं दिसायचं हे तो मला इतक्या प्रेमानं समजावून सांगायचा, की हसावं की रडावं कळायचं नाही. मी एक दिवस वाकून चालले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ताठ चालायला लागले.

नायिका मुंबईची, गोरीपान. रंगवणारा माणूस रोज सकाळी तास-दीड तास तिला काळं करायचा. तोंड, मान, दंड, पावलं, सगळं. त्याचा मुक्काम परळीच्या लॉजवर होता आणि तिकडच्या वीज केंद्राची राख कॉलरवर बसते म्हणून तो सारखा कुरकुरत असायचा. तिला काळं करून झालं की त्याचा हात माझ्याकडं वळायचा. पहिल्या दिवशी त्यानं मला एकवार बघितलं आणि डबी बंद केली. "हिला काही लागत नाही," असं तो मदतनिसाला म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. मग दिवसभर मला राग येत राहिला. ज्या रंगापायी मला कॉलेजात राणी होता आलं नाही, तोच रंग नायिका व्हायला डबीतून काढून लावत होते, आणि माझ्या अंगावर तो आयता असून मी पुन्हा कडेलाच उभी होते.

माय त्या डबीकडं बघून म्हणाली, "तिला कावून काळं करायलेत? आमी आयत्या हाव की."

संध्याकाळी तो रंग उतरवायला दोन बादल्या पाणी लागायचं. चाळीस बाया ते काळं पाणी मोरीतून वाहताना बघत उभ्या राहायच्या. चौथ्या दिवशी मायनं मोरीच्या तोंडाशी घमेलं लावलं आणि ते पाणी फाटकाजवळच्या लिंबाला घालायला सुरुवात केली. कुणी विचारलं नाही, तिनंही कुणाला विचारलं नाही.

बोलण्याचा प्रकार आणखी निराळा. संवाद लिहिणारा तरुण हुशार होता, पण त्याच्या वहीतलं खेडं मला कुठं सापडेना. एक शब्द कोल्हापूरचा, एक नाशकाकडचा, आणि मध्येमध्ये 'व्हय जी'. आमच्याकडं 'व्हय जी' म्हणत नाहीत. मी नायिकेला शिकवलं, "कावून रडायलीस गं?" पोरीनं दोन वेळात उचललं, अगदी हेलासकट. त्यानं ते खोडलं. "कावून म्हणजे का, हे पुण्यात कुणाला कळणार नाही."

मी म्हणाले, "बाई रडतेय, दुसरी तिच्या पाठीवर हात ठेवून विचारतेय. त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

तो म्हणाला, "तुम्ही फार हट्टी आहात." मी हट्टीच होते आणि अजून आहे.

कपड्यांचंही तसंच. ऊस तोडताना बाया लुगड्यावरून पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, नाहीतर पाचट दंड कापून काढतं. कपडेवाल्या बाईंनी शर्ट बघून नाक मुरडलं. ध्यान दिसतं म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी नायिकेच्या दंडावर लाल रेघाच रेघा उठल्या. मायनं आपला शर्ट काढून तिच्या अंगावर घातला आणि बटणंही लावली. पोरगी गुपचूप उभी राहिली. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा शर्ट काढावा लागला, पण मधल्या वेळात ती तो घालूनच बसायची आणि माझ्या मायच्या ताटातली भाकरी मोडून खायची. मला ती आवडायला लागली होती.

त्या दिवसांत मी संवाद लिहिणाऱ्याला एक हकिकत सांगितली. त्यानं विचारलं होतं, फडातलं काहीतरी खरं सांगा. मी खुळ्यासारखी सांगत बसले.

मी दहाएक वर्षांची असेन. मोळी कशी उचलतात ते आधी सांगते. तोडलेल्या उसाची मोळी उसाच्याच हिरव्या शेंड्यांनी, वाढ्यांनी, बांधतात. ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं असतं. चालणारी बाई एकटी असते, पण मोळी जमिनीवरून डोक्यावर एकटीला घेता येत नाही. कितीही दांडगी बाई असो, दुसरीनं उचलू लागावं लागतं. म्हणून फडात कुणी वाकलं की शेजारचीचे हात आपोआप जातात. त्यासाठी बोलावं लागत नाही, आणि कुणी उपकारही मानत नाही.

आमच्या टोळीत एक बाई होती, तिला मी मावशी म्हणायचे. तिच्या लेकराला ताप होता म्हणून ती एक खेप उशिरा आली. मुकादम तिला जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. ती उलटून बोलली. तेव्हा मुकादमानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हिच्या मोळीला कुणी हात लावायचा न्हाई. बगू किती दम हाय."

मावशी मोळीपाशी उभी राहिली. ट्रक उभा, माणसं उभी. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग माझ्या मायनं डोक्यावरची मोळी खाली टाकली, चालत गेली, मावशीच्या मोळीला हात घातला आणि म्हणाली, "वाक थोडी. हां. घे आता." एवढंच. मावशी चालायला लागली. दुसऱ्या खेपेला तिच्या मोळीला तीन जणींचे हात होते. मुकादम बघत राहिला आणि शेवटी बिडी पेटवून ट्रकच्या पलीकडं गेला. कुणी भाषण केलं नाही, कुणी रडलं नाही. त्या हंगामातली माझ्या लक्षात राहिलेली ही एकच गोष्ट, आणि माझी माय कोण आहे ते मला त्या दिवशी कळलं.

त्यानं ती हकिकत वहीत उतरवून घेतली. म्हणाला, जबरदस्त आहे. दोन दिवसांनी प्रसंग लिहून आला. फड तोच, मुकादम तोच, धमकी शब्दाला शब्द तीच. फक्त पुढं कुणी आलं नव्हतं. बाया घाबरून पाठ फिरवतात. जाऊ, म्हणजे मी, डोळ्याला पदर लावून म्हणते, "देवानं आपल्या नशिबात हेच लिवलंय बाई, सोस." आणि नायिका एकटी वाकते, एकटी मोळी उचलते आणि फळीवर चढते. मागं संगीत.

मी तो कागद घेऊन त्याच्याकडं गेले. "असं झालं नव्हतं. तुम्हाला मी सांगितलं होतं."

"अहो, मुळात तुमचीच गोष्ट आहे. पण नायिका एकटी पाहिजे. सगळ्या एकदम धावल्या तर बघणाऱ्यानं बघायचं कुणाकडं?"

"आणि मोळी? ती एकटीला उचलत नाही."

"ती आमची मोळी आहे," तो हसून म्हणाला.

त्यांची मोळी खरंच उचलण्यासारखी होती. ऊस मिळत नव्हता, म्हणून त्यांनी आत थर्माकोल भरून वरून ऊस लावला होता आणि नायलॉनच्या दोरीनं आवळला होता. माझ्या मायनं ती एका हातानं उचलून पाहिली आणि बाया पोट धरून हसल्या.

मी दिग्दर्शकांना सांगितलं, हे वाक्य मी म्हणणार नाही. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "या वाक्यावर घराघरांत बायका रडतील. तुझ्यात दम आहे. हा प्रसंग नीट झाला तर तुझी भूमिका मी वाढवणार आहे. मुंबईला यावं लागेल. नाही म्हणालीस तर बाहेर चाळीस जणी उभ्या आहेत, एक वाक्य कुणीही म्हणेल."

खोटं कशाला बोलू? मला जायचं होतं. फार जायचं होतं. गावात मी शिकून रिकामी बसलेली होते, पुढच्या दिवाळीनंतर कोयता घ्यायचा नसेल तर हाच एक रस्ता दिसत होता. मी बाहेर आले आणि जागेवर जाऊन उभी राहिले.

पहिला टेक. मुकादम धमकी देतो. नायिका वाकते. तिची बोटं मोळीला लागायच्या आत माझ्या मायचे दोन्ही हात खाली गेले. कट. दिग्दर्शकांनी समजावलं. दुसरा टेक. नायिका वाकली आणि पलीकडची बाई पुढं सरकली. कट. दिग्दर्शक आता वैतागले. "बायकांनो, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. घाबरलेल्या आहात तुम्ही."

माय म्हणाली, "घाबरलाव बी असू साहेब. पर ती वाकली की हात आपसूक जातेत. आमी काय करावं?"

मग त्यांनी बायांना हात पदराखाली धरायला लावले. तशा त्या उभ्या राहिल्या. तिसरा टेक माझ्या वाक्यापर्यंत आला. सगळे थांबले. माझं तोंड उघडेना. कट. दिग्दर्शकांनी घड्याळ पाहिलं आणि जेवणाची सुट्टी दिली. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, "जेवून ये. मग एकदाच विचारीन."

आम्ही लिंबाखाली बसलो. ती मावशीही गर्दीत होती, आमच्याच घोळक्यात जेवत होती. केस पांढरे झालेले, कंबर गेलेली. तिला मी प्रसंग वाचून दाखवला. तिनं घास खाली ठेवला.

"म्हंजी मला एकटीलाच उभं केलंय?" ती म्हणाली. "अन् तुझी माय? ती आली न्हाई?"

"मालिकेत नाही आली."

मावशी मायकडं बघायला लागली. माय भाकरीचा तुकडा चटणीत फिरवत होती. म्हणाली, "तुला बंबईला जायचंय, मला ठावं हाय. तू म्हण नाहीतर नको म्हणू. पर मी तितं गेलते. तू डोळ्यानं बगितलंय."

तिनं मला नको म्हणून सांगितलं असतं तर मी तिच्यावर चिडून ते वाक्य म्हणूनही टाकलं असतं. तिनं ते माझ्यावर सोडलं. मी उठले. ट्रकपाशी त्यांच्या पाच थर्माकोलच्या मोळ्या पडल्या होत्या. मी मायला म्हणाले, "कोयता आण." पाचही दोऱ्या कापल्या, वरवरचा सगळा ऊस काढला आणि एकाजागी रचला. माय आणि मावशीनं मिळून वाढ्यांचा पीळ घातला आणि गुडघा देऊन मोळी आवळली. मावशीची कंबर गेली होती, पण गाठ तशीच बसली. थर्माकोलचे पांढरे ठोकळे आम्ही खिडकीवाल्या कोपीत टाकून दिले. नायिका माझ्या मायचा शर्ट घालून बाजूलाच बसली होती. तिनं सगळं बघितलं. कुणाला काही बोलली नाही.

चौथा टेक. मुकादमाची धमकी झाली. बाया हात पदराखाली घेऊन उभ्या. नायिका वाकली, मोळीला हात घातले, ओढली. मोळी हलली नाही. तिनं पुन्हा ओढली. तिच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या आणि काळ्या रंगावरून घाम वाहायला लागला. दिग्दर्शक खुर्चीतून अर्धे उठले, पण कट म्हणाले नाहीत. पोरगी वाकलेलीच राहिली, मान वळवून तिनं आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "उचलू लागा गं."

हे कागदावर नव्हतं. मी शिकवलेलंही नव्हतं. आठ दिवस बायांत बसून तिनं ते ऐकलं होतं.

सगळ्यांत आधी मावशी निघाली. मग माय, मग मी. मी मोळीला हात घातला आणि माझ्या तोंडून आलं, "वाक थोडी. हां. घे आता." मोळी वर गेली. पोरीची मान लटपटली, मायनं मागचं टोक धरलं, आणि ती चार पावलं चालली. चारच, पण खरी. कॅमेरा चालू होता. चाळीसही बायांचे हात पदरातून बाहेर आले होते. मला इतका आनंद झाला, की मला मुंबईची आठवणसुद्धा राहिली नाही.

दिग्दर्शक म्हणाले, "ठीक आहे." एवढंच. आम्हाला वाटलं, जिंकलो. पोरगी मान चोळत हसत होती, आणि कपडेवाल्या बाई थर्माकोल कुठं गेला म्हणून शोधत होत्या.

दुसऱ्या दिवशी फाटकावर मला सांगितलं, भाषेचं काम संपलं. आठवड्यानं कंपनी कोप्या तशाच सोडून निघून गेली. पाचट छावणीतल्या जनावरांखाली अंथरायला गेलं. नायिकेनं मायचा शर्ट नेला की चुकून गेला, कोण जाणे. माय म्हणाली, नेऊ दे.

महिन्याभरानं तो भाग लागला. दुपारची वेळ. त्या आठवड्यात दुपारची लाईट होती. मावशीच्या सुनेच्या घरी टीव्ही होता. सगळी टोळी तिथं जमली, ओसरीवर बसायला जागा नाही. मला पुढं बसवलं होतं.

प्रसंग आला. मुकादमाची धमकी झाली. मग आमच्या बाया दिसल्या, हात पदराखाली घेऊन उभ्या. तो दुसराच कुठला तरी टेक होता. नायिका वाकली. तिच्यामागं आमचं आवार नव्हतं, कुठलंतरी वेगळं हिरवं रान होतं. तिनं मोळी उचलली, एकटीनं, झटक्यात, आणि मी ओळखलं की आत थर्माकोल आहे. मग माझं तोंड दिसलं. जवळून, पडदाभर. माझे ओठ हलले. आणि कुणीतरी दुसरीच बाई रडक्या, थरथरत्या आवाजात बोलली, "देवानं आपल्या नशिबात हेच लिवलंय बाई, सोस."

ओठ माझे होते, बोलत कुणीतरी दुसरीच होती. मला वाटलं, भर बाजारात कुणीतरी माझ्या तोंडात शेण कोंबलं.

मावशी सावकाश म्हणाली, "म्हंजी कुणीच आलं न्हाई." कुणाला दोष दिल्यासारखं ती बोलली नाही. वर्तमानपत्रातलं वाचून दाखवावं तसं बोलली. मी उठून टीव्ही बंद केला आणि घरी येऊन दार लावून घेतलं. शरम वाटली, संताप आला, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटली. जिल्ह्यातल्या नि जिल्ह्याबाहेरच्या हजार घरांत आता हेच झालेलं होतं. आमच्यातल्या ज्या पोरी तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, त्या हेच खरं धरून चालणार होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायनं मला हाताला धरून उठवलं. "चल."

"मला नाही बघायचं."

"बगायला कोण नेतंय? चल म्हणते ना."

मावशीच्या सुनेच्या ओसरीवर पुन्हा सगळ्या जमलेल्या होत्या. दुपारच्या मालिकांची एक खोड असते, आदल्या दिवशीचा शेवटचा प्रसंग दुसऱ्या दिवशी सुरुवातीला पुन्हा दाखवतात. बायांना ते पक्कं ठाऊक होतं. माय थेट टीव्हीपाशी गेली आणि तिनं आवाजाचं बटण पार खाली आणलं. संगीत गेलं. मुकादम मुक्यानं हातवारे करायला लागला. मागून कुणीतरी त्याच्या आवाजात धमकी दिली, खऱ्या मुकादमासारखी, शिव्यांसकट, आणि सगळ्या हसल्या. नायिका वाकली. मावशी खांबाला टेकून बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "उचलू लागा गं."

मग पडद्यावर माझं तोंड आलं. ओठ हलायला लागले. माय माझ्या शेजारी बसली होती, माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघत ती बोलली, "वाक थोडी. हां. घे आता."

एक शब्द मागंपुढं झाला नाही. माझ्या ओठांवर तो जिथल्या तिथं बसला, कारण त्या दिवशी आवारात मी म्हणाले होते ते हेच होतं, आणि ते मी तिच्याकडूनच घेतलं होतं. मावशीनं तोंडाला पदर लावला. तिची सून म्हणाली, उद्यापास्नं अशीच बघायची, आवाज बंद करून. ती मालिका संपेपर्यंत आमच्या गावात तिचा आवाज कुणी ऐकला नाही.